वाचकांचे प्रश्न : भाव वाढला की आपण नेमके किती कमी घेतो?

गेल्या महिन्यात याच सदरात भाज्यांच्या भावांविषयी लिहिताना ‘मागणीची लवचिकता’ हा शब्द मी ओघात वापरला आणि त्याचा खुलासा न करताच पुढे गेलो. वाचकांनी त्याबद्दल माझी चांगलीच हजेरी घेतली आहे. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत घरातले, दुकानातले किंवा शेतातले हिशेब मांडलेले आहेत, आणि पाठ्यपुस्तकातल्या आलेखांपेक्षा ते मला अधिक बोलके वाटले. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

आमच्या चार माणसांच्या घरात महिन्याला चार किलो कांदा लागतो. भाव ३० रुपयांवरून ६० रुपये किलो झाला तेव्हा मी तीन किलोंत भागवले. माझ्या बारावीतल्या मुलीने सूत्र लावून लवचिकता ०.२५ काढली. पुढे भाव पुन्हा ३० वर आला आणि मी पुन्हा चार किलो घेऊ लागले, तेव्हा त्याच सूत्राने तिचे उत्तर ०.६७ आले. कांदा तोच, घरही तेच; मग उत्तरे दोन कशी? — एक गृहिणी, मिरज

मुलीचे दोन्ही हिशेब बरोबर आहेत. मागणीत झालेल्या शेकडा बदलाला किमतीत झालेल्या शेकडा बदलाने भागले की मागणीची किंमत लवचिकता मिळते. किंमत आणि मागणी उलट दिशांना जातात, म्हणून उत्तर खरे तर ऋण येते, पण ते चिन्ह व्यवहारात सोडून देतात. भाव ३० चा ६० झाला, म्हणजे तो १०० टक्के वाढला. कांदा चाराचा तीन किलो झाला, म्हणजे २५ टक्के घटला. २५ भागिले १०० म्हणजे ०.२५. परतीच्या वाटेवर मात्र ६० चे ३० होणे ही ५० टक्क्यांचीच घट ठरते आणि तिनाचे चार होणे ही ३३.३ टक्क्यांची वाढ ठरते. शेकडेवारी नेहमी कशाच्या तरी ‘वर’ मोजतात, आणि जाताना व येताना तो पाया बदलतो, एवढेच यातले रहस्य आहे.

यावर सोपा उपाय म्हणजे दोन टोकांच्या मध्यावरून शेकडेवारी काढणे. ३० आणि ६० यांचा मध्य ४५, म्हणून भावातला बदल ६६.७ टक्के, तीन आणि चार यांचा मध्य साडेतीन, म्हणून मागणीतला बदल २८.६ टक्के. भागाकार ०.४३ येतो आणि तो जाताना व येताना सारखाच राहतो. लहान बदलांसाठी हा खटाटोप लागत नाही, पण आपल्याकडे कांद्याचा भाव लहान बदलांवर समाधान मानत नाही.

ज्यांना भागाकाराचा कंटाळा आहे त्यांनी केवळ वाण्याचे बिल पाहावे. तुमचा कांद्यावरचा खर्च आधी १२० रुपये होता, तो १८० झाला. भाव वाढल्यावर त्या वस्तूवरचा खर्चही वाढला तर मागणी कमी लवचिक, खर्च घटला तर जास्त लवचिक, आणि खर्च होता तेवढाच राहिला तर एकक लवचिक समजावी. कांद्याच्या बाबतीत तुमचा हात फारसा आखडत नाही, कारण त्याला पर्याय नाही. कोबीची कोशिंबीर करता येते, पण कोबीची फोडणी देता येत नाही. उलट, कांदा महागला की मिसळीच्या ताटलीतला चिरलेला कांदा अदृश्य होतो आणि त्याच्या जागी मुळा किंवा कोबी येतो. हॉटेलवाल्याची कच्च्या कांद्याची मागणी बरीच लवचिक असते आणि रश्श्यातल्या कांद्याची नसते. एकाच दुकानाच्या एकाच पोत्यातून हे दोन्ही कांदे निघतात, हे मुलीला जरूर सांगा.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले. पूर्वी मी दिवाळीला आणि संक्रांतीला असे वर्षातून दोनदाच माहेरी जात असे. आता जवळजवळ दर महिन्याला जाते. सासूबाई म्हणतात की तिकीट अर्धे झाल्यापासून माझा प्रवासखर्च वाढला आहे. हे खरे मानायचे का? — एक वाचक, परभणी जिल्हा

सासूबाईंचे म्हणणे खरे आहे, आणि त्यांनी नकळत वर सांगितलेली एकूण खर्चाची पद्धतच वापरली आहे. समजा, जाऊन येऊन पूर्वी ४०० रुपये लागत होते; दोन फेऱ्यांचे ८०० होत. आता एका फेरीचे २०० पडतात, पण बारा फेऱ्यांचे २,४०० होतात. भाव निम्मा झाल्यावर खर्च तिप्पट झाला, याचा अर्थ तुमची माहेरी जाण्याची मागणी फारच लवचिक होती. माहेरची ओढ आधीही होतीच. तिकिटाने ती अडवून धरली होती. खर्च वाढला म्हणजे तुमचे नुकसान झाले असा अर्थ मात्र यातून निघत नाही, कारण त्या जादा रुपयांच्या मोबदल्यात तुम्हाला दहा भेटी मिळाल्या आहेत. (हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवायचे की नाही, ते आपण ठरवावे.)

आता तुमच्या शेजारच्या आसनावर बसलेल्या परिचारिकेचा विचार करा. ती तिकीट पूर्ण असतानाही रोज जिल्ह्याच्या गावी कामावर जात होती आणि अर्धे झाल्यावरही रोजच जाते. तिच्या फेऱ्या वाढल्या नाहीत, खर्च मात्र निम्मा झाला. बस तीच आणि सवलतही तीच असून एकीची मागणी अत्यंत लवचिक आहे आणि दुसरीची जवळजवळ अलवचिक. म्हणूनच ‘बसप्रवासाची लवचिकता किती?’ या प्रश्नाला मी नेहमी ‘कोणाच्या?’ असा उलट प्रश्न करतो.

एसटीच्या सवलतीची उरलेली अर्धी रक्कम राज्य सरकार भरून देते, म्हणून तिथला ताळेबंद वेगळा असतो. केवळ भाडेकपातीवर उत्पन्न टिकवायचे असेल तर गणित किती कठीण होते, ते मुंबईच्या बेस्टच्या उदाहरणावरून कळते. जुलै २०१९ मध्ये बेस्टचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले गेले. ही कपात ३७.५ टक्क्यांची होती, पण त्या टप्प्यावर तेवढीच रक्कम जमवायला प्रवासी ३७.५ नव्हे, तर ६० टक्के वाढावे लागतात. आठाला पाचाने भागून पाहिल्यास ते लक्षात येईल. मे २०२५ मध्ये हेच किमान भाडे दहा रुपये करण्यात आले.

पेट्रोल शंभरी ओलांडून गेले तरी मी पूर्वीप्रमाणेच टाकी फुल्ल करतो. माझा मित्र प्रत्येक वेळी दोनशे रुपयांचेच टाकतो आणि म्हणतो की भाव वाढल्याने त्याला काही फरक पडत नाही. आमच्या दोघांत मागणी लवचिक कोणाची? — एक नोकरदार, पुणे

मित्राची, आणि तीसुद्धा अगदी नेमकी एक. भाव ८० रुपये लिटर असताना त्याला दोनशे रुपयांत अडीच लिटर मिळत होते, तो १०० झाल्यावर दोन लिटर मिळू लागले. मध्यावरून हिशेब केला तर भाव २२.२ टक्के वाढला आणि पेट्रोलही बरोबर २२.२ टक्के घटले. खर्च जागचा हललेला नाही, म्हणून त्याच्या खिशाला काही जाणवत नाही; गाडीला मात्र जाणवते. अट एकच की महिन्यात पंपावर जाण्याच्या त्याच्या खेपा पूर्वीइतक्याच असल्या पाहिजेत. दोनशेचेच टाकून तो दहाव्या दिवसाऐवजी आठव्या दिवशी पुन्हा रांगेत उभा राहत असेल, तर त्याच्यात आणि तुमच्यात काही भेद उरत नाही, फक्त तुम्हाला ते कळते आणि त्याला कळत नाही.

तुमची स्वतःची मागणी आज शून्याच्या जवळ दिसते, कारण घर आणि कचेरी यांच्यातले अंतर पेट्रोलच्या भावाने कमी होत नाही. परंतु हाच प्रश्न चार-पाच वर्षांच्या मुदतीने विचारला तर उत्तर बदलते. पुढची गाडी घेताना ती लिटरमागे किती किलोमीटर जाते याची चौकशी आपण अधिक बारकाईने करतो, कोणी सीएनजीकडे वळतो, कोणी विजेवर चालणारी स्कूटर घेतो, कोणी मेट्रोच्या स्थानकाजवळ घर पाहतो. मुदत जितकी लांब, तितकी मागणी लवचिक, हा नियम पेट्रोलला जितका चपखल लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. म्हणून भाववाढीनंतरच्या पहिल्या महिन्यातले आकडे दाखवून ‘लोकांना फरक पडत नाही’ असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो मी घाईचा समजतो.

वस्तूची व्याख्या किती रुंद धरली आहे यावरही बरेच अवलंबून असते. पेट्रोलला पर्याय नाही, पण एका पंपाला दुसरा पंप हा पर्याय असतोच. २०१२ मध्ये गोवा सरकारने पेट्रोलवरील व्हॅट जवळजवळ काढून टाकला तेव्हा तेथे लिटरमागे सुमारे अकरा रुपयांचा फरक पडला. सीमेलगतच्या सिंधुदुर्गातल्या वाहनचालकाला अशा वेळी टाकी कुठे भरायची, हे कोणी शिकवावे लागत नाही.

मी पंचवीस वर्षे कांदा करतो. ज्या वर्षी कांदा साठवायची चाळ भरते त्या वर्षी हातात पैसा कमी येतो, आणि ज्या वर्षी गारपिटीने बरेच जाते त्या वर्षी उरलेल्याचेच जास्त होतात. मग शहाण्याने कमी पिकवावे काय? — एक शेतकरी, येवला तालुका

तुमचे निरीक्षण फार जुने आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स डॅव्हेनंट याने १६९९ मध्ये धान्याविषयी असाच एक तक्ता छापला. त्यामागचे आकडे ग्रेगरी किंग याचे मानले जातात. पीक नेहमीपेक्षा दहा टक्के कमी आले तर भाव ३० टक्क्यांनी चढतो आणि पीक निम्मे झाले तर भाव ४५० टक्क्यांनी चढतो, असे तो तक्ता सांगतो. त्याचा गुणाकार केला तर निम्म्या पिकाचे मोल पूर्ण पिकाच्या पावणेतीनपट भरते. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये लवचिकतेची कल्पना आज आपण शिकतो त्या रूपात मांडली, त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

कारण समजून घेण्यासाठी पहिल्या पत्रातल्या मिरजेच्या भगिनींकडे पाहा. कांदा निम्म्या भावाने मिळू लागला तरी त्या तिनाचे चार किलो करतात, सहा करत नाहीत, कारण स्वस्ताई झाली म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही. बाजारात दहा टक्के माल जास्त आला तर तो अशाच घरांच्या गळी उतरवावा लागतो. लवचिकता ०.२५ धरली तर त्यासाठी भाव ढोबळमानाने ४० टक्के पडावा लागेल. एक क्विंटलऐवजी एक क्विंटल दहा किलो विकून हातात येणार शंभराऐवजी सहासष्ट.

ही झाली ग्राहकाच्या दारातली गोष्ट. तुमच्या दारात ती आणखी वाईट होते. ग्राहक ३० रुपये देतो असे धरा, आणि त्यातले १८ रुपये हमाली, तोलाई, बारदान, वाहतूक, घट आणि मधल्यांचा नफा यांत जातात असेही धरा. हे आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. तुम्हाला १२ उरतात. ग्राहकाचा भाव २४ झाला तरी ट्रकचे भाडे आणि हमालाची मजुरी काही कमी होत नाही, त्यामुळे तुम्हाला सहाच मिळतात. शहरात २० टक्क्यांची स्वस्ताई झाली, शेतावर मात्र ५० टक्क्यांची पडझड. डिसेंबर २०१८ मध्ये निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसात क्विंटल कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले होते आणि त्याने ते उद्वेगाने पंतप्रधानांकडे पाठवून दिले होते. किलोला दीड रुपयाहूनही कमी असलेला तो भाव आणि त्याच वेळी शहरातल्या गाडीवरचा भाव यांच्यातले अंतर अनेकांना न उलगडणारे वाटले. लबाडी कुठे नसतेच असे मी म्हणत नाही, पण लबाडी अजिबात नसती तरीही या गणिताने भाव असाच कोसळला असता.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. कमी पिकवून तुमचा एकट्याचा फायदा होणार नाही. तुमची एक ट्रॉली लासलगावच्या आवारात आली काय आणि न आली काय, लिलावातला भाव हलत नाही; तुमच्या एकट्याच्या मालासाठी मागणी संपूर्ण लवचिक असते, आणि सगळ्यांच्या एकत्रित मालासाठी ती अगदीच कमी लवचिक असते. ‘शेतकऱ्यांनी नियोजन करून पिकवावे’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांना हा फरक ठाऊक नसतो किंवा ठाऊक असून सोयीचा नसतो. गारपिटीच्या वर्षीचा जादा पैसाही ज्याचे पीक वाचले त्यालाच मिळतो. ज्याचे सगळेच गेले, त्याला चढ्या भावाचा काय उपयोग? उन्हाळ कांदा चाळीत राखून तो हळूहळू बाहेर काढणे हा एक मार्ग आहे आणि तुम्ही तो वापरताच. लाल कांदा टिकत नाही, त्याला तीही सोय नाही.

निर्यात हा दुसरा मार्ग. परदेशातला ग्राहक दुसऱ्या देशाचा कांदाही घेऊ शकतो, म्हणून भारतीय कांद्यासाठी त्याची मागणी आपल्या घरगुती मागणीपेक्षा पुष्कळ लवचिक असते. भाव थोडा उतरला की तिकडे बराच माल जिरतो. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद झाली आणि ती मे २०२४ मध्ये, टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून, खुली झाली. मधल्या काळात सारा माल देशातल्या अलवचिक बाजारातच कोंबला गेला. दिल्लीत १९९८ साली महाग कांद्याचा फटका निवडणुकीत बसला होता. तो धडा राज्यकर्ते विसरलेले नाहीत, आणि त्या आठवणीची किंमत चांदवड-येवल्याकडून वसूल होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंपन्या पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याचे सहा रुपये का करत नाहीत? वजन तेवढे कमी करत राहतात. — एक किराणा दुकानदार, सोलापूर

कारण तुमच्या गल्ल्यावर उभा असलेला मुलगा पाचाचे नाणे घेऊन येतो. पाच रुपयांच्या वर एक रुपया गेला की मागणी एकदम मोडते, शेजारी ठेवलेला दुसऱ्या कंपनीचा पाचाचा पुडा उचलला जातो; आणि पुड्यातली दोन बिस्किटे कमी झाली तर बहुतेकांच्या ध्यानातही येत नाही. म्हणजे छापील किमतीबाबत मागणी अतिशय लवचिक असते आणि किलोमागच्या खऱ्या किमतीबाबत तितकी नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये बिस्किटांवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, तेव्हा या पाच रुपयांचा हिशेब ४ रुपये ४५ पैशांवर येऊन थांबत होता. सुटे पैसे तुम्ही तरी कुठून देणार? अशा वेळी वजन वाढवणे हाच सर्वांना सोयीचा मार्ग ठरतो.

मीठ हे अलवचिक मागणीचे उदाहरण म्हणून मी अनेक वर्षे शिकवत आलो. आमच्या जिल्ह्यात शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. एका विद्यार्थ्याने विचारले की कर असो वा नसो, मीठ सगळे तेवढेच खातात, तर मग करामुळे बिघडले काय? मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. — कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षक, कुडाळ

विद्यार्थी हुशार आहे, कारण सरकारचा युक्तिवादही थेट हाच होता. ज्या वस्तूची मागणी अलवचिक असते तिच्यावर कर बसवला तर खप घटत नाही आणि वसुली बुडत नाही, म्हणून कोणत्याही तिजोरीला अशी वस्तू प्रिय असते. १९२३ मध्ये मणामागे सव्वा रुपया असलेला मिठावरचा कर व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी कायदेमंडळाचा विरोध असतानाही अडीच रुपये केला होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा खाली आणावा लागला. श्रीमंत आणि मजूर मीठ साधारण सारखेच खातात, त्यामुळे मजुराच्या मिळकतीतला मोठा वाटा या करात जातो, हे उत्तराचे पहिले अंग. वस्तू जितकी अलवचिक, तितका तिच्यावरचा कर टाळणे ग्राहकाला अशक्य.

दुसरे अंग मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते गोपाळ कृष्ण गोखले यांनी सत्याग्रहाच्या पुष्कळ आधी ओळखले होते. १८८८ पासून मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. गोखले यांनी १९०२ मध्ये अंदाजपत्रकावरील आपल्या भाषणात या कराच्या कपातीची मागणी केली आणि वाढीव करामुळे गरिबांच्या मिठाच्या वापरावर ताण पडल्याचे दाखवून दिले. पुढे कर १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला, आणि प्रत्येक कपातीनंतर खप वाढत गेला. तेव्हा मीठ ‘सगळे तेवढेच खातात’ हे गृहीतक मुळातच चुकीचे होते. ताटातल्या चिमटीत कपात करणे कठीण. परंतु गुरांना चारायचे मीठ, मासळी खारवायचे मीठ आणि लोणच्याच्या बरणीतले मीठ यांत गरीब माणूस काटकसर करू शकत होता आणि करतही होता. आज मिठाची पिशवी महिन्याच्या किराण्यात शोधावी लागते इतकी किरकोळ झाली आहे, म्हणून तिचा भाव दीडपट झाला तरी कोणी एक चमचा कमी घालत नाही. मीठ बदललेले नाही. त्याचा घरखर्चातला वाटा बदलला आणि त्याबरोबर लवचिकता बदलली.

उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्यांना ‘मीठ : अलवचिक’ असेच लिहू द्यावे, गुण त्यालाच मिळतात. मात्र ज्याने हा प्रश्न विचारला त्याच्यासाठी एखादा दिवस मोकळा काढून त्याला शिरोड्याच्या मिठागरांवर घेऊन जावे. कुडाळपासून ती फार लांब नाहीत, आणि मासळी खारवायला पूर्वी किती मीठ लागत असे, हे सांगणारी माणसे त्या किनाऱ्यावर अजून भेटतील.